बहराचं पहिलं पाणी सोडलं की डाळिंबाला मर का लागते? मातीतला बीजाणू जागा होण्याची कारणं आणि त्यावर काय करायचं

पानगळ झाली, छाटणी झाली, बेसल डोस (सुरुवातीचं खत) भरला, पाणी सोडलं. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळी फूट निघाली आणि बाग डोळ्यांत भरायला लागली. मग महिना-दीड महिन्यानं चौथ्या ओळीतल्या एका झाडाची एकच फांदी पिवळी दिसली. खत कमी पडलं असेल, असं वाटलं. आठवड्यात अर्धं झाड सुकलं, पुढच्या पंधरवड्यात सगळं. पानं गळलीही नाहीत, काडीलाच वाळून लटकली. मागच्या बहराला याच ओळीत, दोन झाडं अलीकडे, हेच झालं होतं. त्या खड्ड्यात लावलेलं नवं रोप दुसऱ्या वर्षी गेलं.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या डाळिंबवाल्यांना हे वर्णन नवं नाही. आमच्या सांगोल्याच्या मुरमाड रानातल्या भगवा वाणाच्या डाळिंबाच्या बागेत हे तीन बहर लागोपाठ झालं. दर वेळी तालुक्यातल्या एका दुकानातून बाटल्यांचा संच आणायचा, आळ्यात ओतायचा, त्या झाडाचं काही व्हायचं नाही आणि पुढच्या बहराला शेजारचं झाड धरायचं. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "तू राहुरीच्या कृषी विद्यापीठात बुरशी शिकलीस ना? मग ही पाणी सोडल्यावरच का येते, तेवढं सांग."

प्रश्न अगदी बरोबर होता. कोणतं औषध ओतू, हे आपण सगळे विचारतो. पण झाड पिवळं दिसतं तेव्हा बुरशी मुळातून खोडात चढून बरेच दिवस झालेले असतात. तिची सुरुवात मातीत कोणत्या दिवशी झाली आणि त्या दिवशी आपण रानात काय करत होतो, हे कळल्याशिवाय ही मर थांबत नाही. म्हणून सगळा भर त्या दिवसावर देते आहे.

मातीत बीजाणू झोपलेला असतो, मेलेला नसतो

फ्युजेरियमसारखी बुरशी यजमान झाड नसताना जाड कवचाचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, करून मातीत पडून राहते. त्यांना क्लॅमिडोस्पोर म्हणतात. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी मोहरीहून बारीक काळे गोळे करते, त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. हरभऱ्याची मर आणणारं फ्युजेरियम हरभरा नसलेल्या रानातही सहा वर्षांपर्यंत टिकतं. रान एक हंगाम पडीक ठेवलं म्हणजे बुरशी संपली, असं होत नाही ते यामुळे.

पण मातीत ओल असते, ऊब असते, मग हे बीजाणू आपोआप का रुजत नाहीत? गव्हाचा दाणा ओल मिळाली की फुटतो, तसे हे का फुटत नाहीत? १९५३ साली ब्रिटनमधल्या डॉब्स आणि हिन्सन या दोघांनी दाखवलं की बहुतेक सगळ्या नैसर्गिक मातीत बुरशीचे बीजाणू रुजण्यापासून अडवलेले असतात. मातीतले जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव साखर, अमिनो आम्लं असं जे काही मोकळं अन्न असेल ते लगेच संपवतात. शिवाय काही जण बुरशीला नकोशी द्रव्यं सोडतात. बीजाणूभोवती खायला काही उरत नाही, म्हणून तो झोपून राहतो.

हे मी कॉलेजात स्वतः पाहिलं आहे. ओल्या मातीवर सेलोफेनचा पातळ तुकडा पसरायचा, त्यावर बीजाणूंचं पाणी टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बीजाणू जसेच्या तसे असतात. तीच माती भट्टीत निर्जंतुक करून घेतली की बीजाणू रुजतात. आणि न भाजलेल्या मातीवरच ग्लुकोज आणि थोडं अमोनियम क्षार यांचे थेंब टाकले तरी दुसऱ्या दिवशी जवळजवळ प्रत्येक बीजाणूतून एक नळी बाहेर आलेली दिसते. त्या दिवशी मला ती गंमत वाटली होती. वडिलांनी विचारलं तेव्हा कळलं की आमच्या चौथ्या ओळीत दर बहराला तेच थेंब पडत होते.

जागं करणारा थेंब कुठून येतो

मुळातून. जिवंत मूळ सतत काहीतरी पाझरत असतं: साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं. सगळ्यात जास्त पाझर असतो मुळाच्या टोकाच्या जरा मागे, आणि जिथे मुख्य मुळाची साल फोडून पोटमूळ बाहेर येतं तिथे. बी रुजतानाही असाच पाझर सुटतो. फ्युजेरियमच्या जाड कवचाच्या बीजाणूला साखर आणि नत्र दोन्ही लागतं, एकट्या साखरेवर तो नीट रुजत नाही. मुळाच्या पाझरात दोन्ही तयार मिळतं. हा पाझर मातीत फार लांब जात नाही, मुळापासून काही मिलिमीटरच. त्या पट्ट्यातल्या सूक्ष्मजीवांच्या तोंडून जेवढा सुटेल तेवढा बीजाणूच्या वाट्याला येतो. आळ्यात किती बीजाणू आहेत यापेक्षा त्या पट्ट्यात पाझर किती आहे आणि तो आधी कोण खातं, हे म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

रुजल्यावर नळी वाट्टेल तिकडे जात नाही. २०१५ साली टोमॅटोवरच्या फ्युजेरियमबद्दल असं दिसून आलं की मुळातून बाहेर पडणाऱ्या पेरॉक्सिडेज या विकरांचा (एन्झाइमांचा) माग काढत ती मुळाकडे वळते.

सगळ्या बुरशी सारख्या वेगाच्या नसतात. पिथियम दोन-अडीच तासांत जागी होते. पेरलेलं बी फुगत असतानाच ती त्याला गाठते, म्हणून रोपवाटिकेत मिरची-टोमॅटोची रोपं जमिनीलगत कोलमडतात. फायटोफ्थोराचे बीजाणू तर पाण्यात पोहतात. मातीच्या फटीत पाणी साचलेलं असेल तर ते मुळाच्या पाझराकडे स्वतः पोहत जातात. सोयाबीनच्या मुळातून पाझरणारी डेडझिन आणि जेनिस्टिन ही द्रव्यं फायटोफ्थोरा सोजे या बुरशीच्या पोहणाऱ्या बीजाणूंना ओढून घेतात, हे ठाऊक आहे.

काही बुरशींना मात्र एकच किल्ली लागते. कांद्याच्या पांढऱ्या सडीचे स्क्लेरोशिया कांदा-लसणाच्या कुळाचं मूळ जवळ आलं तरच रुजतात. त्या मुळांतून गंधकाची संयुगं पाझरतात, मातीतले जिवाणू त्यांचं रूपांतर उडून जाणाऱ्या उग्र वासाच्या द्रव्यांत करतात, आणि तो वास लागला की हे गोळे वीस वर्षांच्या झोपेतूनही उठतात. हा रोग थंड मातीचा आहे, आपल्याकडच्या उन्हाळी रानांत त्याची भीती नाही. तरी सोलापूरच्या बाजारात कांद्याचे ढीग बघताना मला त्या वासाची आठवण होतेच.

ज्वारीतला टारफुला ही बुरशी नाही, परोपजीवी तण आहे, पण त्याचीही तीच रीत आहे. त्याचं धुळीसारखं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन पाझरले की रुजतं. या गटातलं पहिलं द्रव्य, स्ट्रायगॉल, १९६६ साली कापसाच्या मुळांच्या पाझरातून वेगळं केलं गेलं. कापसावर टारफुला जगत नाही, पण कापूस त्याला जागा करतो आणि मग ते रोप उपाशी मरतं. टारफुल्याच्या रानात मध्ये एकदा कापूस घेतला तर फायदा होतो तो याच कारणानं.

आता बहराकडे या

आंबे बहर घ्या, मृग घ्या, हस्त घ्या, क्रम तोच असतो. महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण द्यायचा. पानगळ करायची. छाटायचं. खोडाभोवती चाळायचं, शेणखत आणि रासायनिक डोस भरायचा. मग पाणी सोडायचं, आणि बहुतेक जण ते भरपूर सोडतात, कारण झाड तहानलेलं बघवत नाही. यातली प्रत्येक गोष्ट झाडाला फूट आणण्यासाठी लागते, मी त्याच्या विरोधात नाही. पण मातीच्या पोटात काय होतं ते बघा.

ताणात वरच्या थरातली बारीक पांढरी मुळं मरतात. मातीतले पुष्कळ सूक्ष्मजीवही मरतात. मग कोरड्या मातीवर एकदम पाणी पडतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ साली मांडलं होतं की वाळलेली माती भिजवली की तिच्यात सेंद्रिय पदार्थ कुजण्याची आणि नत्र मोकळं होण्याची एकदम उसळी येते. मेलेल्या सूक्ष्मजीवांचा आणि मुळांचा रस मोकळा होतो. म्हणजे साखर आणि नत्र दोन्ही एकाच वेळी मातीत सुटतं, आणि ते खाऊन टाकणारे राखणदार ताणानं कमी झालेले असतात. त्यात ताण सोसलेली जिवंत मुळंही पाणी मिळताच जास्त गळतात आणि नवी पोटमुळं साल फोडून बाहेर येऊ लागतात.

याच आठवड्यात आपण कुदळीनं चाळलेलं असतं. प्रत्येक तुटलेलं मूळ ही एक उघडी तोटी असते. खत अर्धकच्चं असेल, उकिरड्यावरून थेट भरलेलं, तर त्यातलं मोकळं अन्न बुरशीला मिळतं ते वेगळंच.

आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत. डाळिंबाच्या मुळांवर गाठी असतील तर त्या मुळातून पाझर निरोगी मुळापेक्षा जास्त होतो, शिवाय सूत्रकृमीनं पाडलेलं भोक तयार असतंच. ज्या बागेत गाठी आहेत तिथे बुरशीवर कितीही खर्च केला तरी निम्मं काम राहून जातं. माझ्या अनुभवात हाच भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, कारण गाठी बघायला माती उकरावी लागते आणि मुळं धुऊन घ्यावी लागतात.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. आमच्या बागेत ही चारही कारणं त्याच आठ दिवसांत एकत्र येत होती. पाणी सोडल्यावर मर येत होती, म्हणजे पाण्यात दोष होता असं नाही. त्या आठवड्यात आम्ही झोपलेल्या बीजाणूला उठवत होतो, खायला देत होतो आणि आत शिरायला दारही उघडून देत होतो.

आधी नेमकं काय आहे ते ओळखा

डाळिंबाची मर एकाच बुरशीची नसते. सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही मुख्य, जोडीला फ्युजेरियम, कधी मॅक्रोफोमिना, आणि त्यांना वाट करून देणारे सूत्रकृमी व खोडाला बारीक छिद्रं पाडणारा भुंगेरा. तेल्याशी याची गल्लत करू नका, तो जिवाणूचा रोग आहे, पानं-फळांवर दिसतो आणि त्याची वाट वेगळी.

सुकायला लागलेल्या झाडाची जमिनीलगतची फांदी किंवा जाड मूळ आडवं कापा. लाकडात करडे-तपकिरी, कधी काळपट पट्टे आत शिरलेले दिसले तर बुरशीजन्य मर. खोडाच्या बुंध्याशी टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा आहे. बारीक मुळं बादलीत धुऊन हातावर पसरा, मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी.

सेराटोसिस्टिससाठी एक जुनी घरगुती म्हणावी अशी चाचणी आहे आणि ती करावी असा माझा आग्रह आहे. ताजं गाजर धुऊन, सोलून त्याच्या पाव इंचाच्या चकत्या करा. डाग पडलेल्या लाकडाची चिप, कडेची साल काढून, दोन चकत्यांच्या मध्ये ठेवा आणि डब्यात ओला कागद घालून सावलीत ठेवा. पाच ते दहा दिवसांत चकतीवर करडी बुरशी येते आणि तिच्यातून बारीक काळ्या, लांब मानेच्या कुप्या वर येतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येक मानेच्या टोकावर मलईसारखा थेंब असतो. डब्याचं झाकण उघडलं की पिकल्या केळ्यासारखा गोडसर वास येतो. बाजूला निरोगी झाडाच्या लाकडाच्या चकत्याही ठेवा, म्हणजे तुलना होते. बुरशी आली नाही म्हणजे रोग नाही असं मात्र धरू नका, खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. आपल्या जिल्ह्यात असून आपण तिकडे फार उशिरा जातो.

आम्ही काय बदललं

बहराच्या दोन महिने आधीपासून सुरुवात केली. खत त्या वेळीच निवडलं: काळं, भुसभुशीत, हातात घेतल्यावर मातीचा वास येणारं, उष्णता पूर्ण निघून गेलेलं. ज्या ढिगात हात घातल्यावर गरम लागतं, ते खत मरीच्या बागेत घालायचं नाही, हा आता घरातला नियम आहे.

त्या कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली, शंभर किलोला अडीच किलो. सावलीत ढीग केला, ओलं पोतं झाकलं, दहा-पंधरा दिवस ओल टिकवली, मध्ये एकदा खालीवर केलं. हिरवट-पांढरी बुरशी ढिगात पसरलेली दिसली की ते तयार. ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीला खातं हे सगळे सांगतात, पण माझ्या मते त्याचं खरं काम मुळाचा पाझर आधी फस्त करण्याचं आहे. कापसाच्या बियांवर एका जिवाणूबद्दल हे फार सुंदर रीतीनं दिसून आलं आहे. एन्टेरोबॅक्टर क्लोएकी हा जिवाणू रुजत्या बियातून सुटणारी मेदाम्लं खाऊन टाकतो, मग पिथियमला जागं होण्याचा निरोपच पोचत नाही. म्हणून ट्रायकोडर्मा पाण्याच्या आधी मातीत बसलेलं हवं. झाड पिवळं पडल्यावर ओतलेलं ट्रायकोडर्मा आत शिरलेल्या बुरशीला काही करू शकत नाही. आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली (ते पाण्यातून मुळाशी ओतलं) असेल तर त्याच्या मागोमाग ट्रायकोडर्मा देऊन पैसे वाया घालवू नका, ते औषध त्यालाही मारतं.

ताण कमी केला नाही, पण पाणी एकदम तोडायचं आणि एकदम सोडायचं हे बंद केलं. तोडताना ठिबकाची वेळ आठवडाभर उतरवत आणली. सोडताना पहिले दोन-तीन दिवस थोडं थोडं, मग हळूहळू पूर्ण. ट्रायकोडर्माचं खत पहिल्या हलक्या पाण्याच्या वेळी आळ्यात होतं, म्हणजे मातीत जी उसळी आली ती आधी त्याला मिळाली. ठिबकाच्या नळ्या बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराच्या कडेला नेल्या. खोडाभोवती कुदळ बंद केली. खत वरून पसरून हलकं मातीआड करायचं, बस.

सूत्रकृमीसाठी दोन ओळींच्या मध्ये झेंडू लावला. सुरुवातीला शेजाऱ्यांना वाटलं दसऱ्याच्या फुलांसाठी आहे, आणि फुलं विकलीही. बुंध्याला गेरू आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप दिला.

रोगट झाडाचं काय? ते वाचवण्याचा हट्ट आम्ही सोडला. एखादीच फांदी धरली असेल तर केंद्राच्या शिफारशीप्रमाणे आळवणी करतो, आणि फक्त त्या झाडाला करत नाही, चारही बाजूंच्या शेजाऱ्यांनाही करतो, कारण मुळं मातीखाली एकमेकांना भिडलेली असतात. औषधाची मात्रा इथे मुद्दाम देत नाही, शिफारशी बदलतात, चालू वर्षाची विचारून घ्या. अर्ध्याहून जास्त सुकलेलं झाड मुळासकट काढतो. काढताना ते बागेतून फरफटत नेत नाही, मुळांची माती सांडत जाते. ताडपत्रीवर उचलून बांधाबाहेर नेतो आणि जाळतो. कात्री आणि करवत त्या झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो.

रिकामा खड्डा लगेच भरायचा मोह होतो, ओळीतली ती मोकळी जागा बघवत नाही. तो आवरा. एप्रिल-मे आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि ती उष्णता फुकट मिळते. खड्डा उकरा, माती ओलवा, वर पंचवीस मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून कडा मातीत दाबा, चार ते सहा आठवडे. काळा कागद नको, ऊन आत जायला हवं. आणि माती ओलीच हवी: कोरड्या मातीत बीजाणू उष्णता सहज सोसतात, ओल्या मातीत त्यांच्या आत पाणी शिरलेलं असतं आणि तेच त्यांना मारतं. आम्ही पहिल्या वर्षी कोरड्या मातीवर कागद टाकला होता आणि काही उपयोग झाला नाही.

गूळ ओतून बीजाणू जागे करून मारता येतील का?

हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला आहे आणि तो हुशार प्रश्न आहे. जागं करायचं, मूळ जवळ नाही, मग उपासानं मरेल. कांद्याच्या पांढऱ्या सडीत हे खरंच करतात. कांदा नसलेल्या रानात लसणातलं डायअलिल डायसल्फाइड देतात, स्क्लेरोशिया रुजतात आणि यजमान न मिळाल्यानं संपतात. पण तिथे किल्ली कांद्याचीच आहे आणि ती बुरशी दुसऱ्या अन्नावर नीट जगत नाही. फ्युजेरियमचं तसं नाही. साखरेवर रुजलं तर ते त्याच साखरेवर, मेलेल्या काडीकचऱ्यावर जगतं, वाढतं आणि नवे बीजाणू करून परत झोपतं. म्हणजे आपणच शेती केल्यासारखं होईल.

याच्याशीच जोडलेला जीवामृताचा प्रश्न. त्यात गूळ आणि बेसन असतं, म्हणजे साखर आणि नत्र. नीट आंबलेल्या जीवामृतात ते बरंचसं सूक्ष्मजीवांनी खाल्लेलं असतं, त्याला माझी हरकत नाही. पण सकाळी कालवून संध्याकाळी आळ्यात, किंवा ट्रायकोडर्मासोबत ताजं गुळाचं पाणी थेट मरीच्या झाडाच्या बुंध्याशी, हे मी करत नाही आणि करू नका असंच सांगते.

काळ्या रानातली पिकं

हरभऱ्याची मर, जिला आपल्याकडे उबळणं म्हणतात, तिच्यात मातीच्या तापमानाचा वाटा मोठा आहे. पंचवीस अंशांच्या वरच्या मातीत ती जोर धरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाईनं पेरलेला हरभरा पहिल्या महिन्यातच उबळतो. माती जरा निवू द्या, विजय किंवा दिग्विजयसारखा मर सोसणारा वाण घ्या, बियाला ट्रायकोडर्मा लावा. तुरीच्या मरीची बुरशी वेगळी, फ्युजेरियम उडम. तिचं नाव बटलर यांनी १९१० साली दिलं आणि ती हरभऱ्याला धरत नाही. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी राहते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं आणि चाचण्यांतही तसंच दिसलं आहे.

रब्बी ज्वारीचा खडखड्या मात्र वरच्या सगळ्या हिशोबाच्या उलटा आहे, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करते. तो मॅक्रोफोमिनाचा. ही बुरशी तीस अंशांच्या आसपासच्या गरम आणि कोरड्या मातीत जोरात असते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला दाणे भरायच्या वेळी ओल तुटली की ती मुळातून ताटात चढते, ताट आतून पोकळ होतं, चिरलं तर काळी पूड दिसते आणि वाऱ्यानं ताट आडवं होतं. इथे पाणी दिल्यानं रोग येत नाही, पाणी तुटल्यानं येतो. फायटोफ्थोरासाठी निचरा हवा आणि मॅक्रोफोमिनासाठी ओल टिकवायला हवी, म्हणून रोग न ओळखता "पाणी कमी करा" हा सरसकट सल्ला कुणी दिला तर थांबा. खडखड्यात दाट पेरणी टाळा, नत्र बेतानं द्या, पोटरीच्या आसपास एखादं संरक्षित पाणी जमलं तर द्या. पीक फेरपालटीवर फार विसंबू नका, या बुरशीला पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पती चालतात.

आमच्या चौथ्या ओळीत गेल्या दोन बहरांत नवं झाड सुकलेलं नाही. तीन खड्डे अजून रिकामे आहेत. त्यातल्या एकात गेल्या महिन्यात मुळाचे जुने तुकडे सापडले, ते गाजराच्या चकत्यांत घालून बघितले, सातव्या दिवशी डब्यातून तो केळ्याचा वास आला. त्या खड्ड्यावर येत्या एप्रिलमध्ये पुन्हा कागद ताणणार आहे.